नवी गाडी पुसू नका, धुवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा दिवसांपूर्वी काळ्या रंगाची नवी हॅचबॅक घेतलीत. घर कळंगुटला, गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी असते. शोरूमवाला 'टेफ्लॉन' करून घ्या म्हणून मागे लागलाय, शेजारी म्हणतो तीन महिने गाडीला काही लावू नका, आणि पुढच्या चाकांवर आत्ताच तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. सगळ्याचं उत्तर देतो, पण आधी मीच एक विचारतो. रोज सकाळी गाडी कोरड्या फडक्यानं पुसता का? पुसत असाल तर आजपासून बंद करा. बाकीचं एक वेळ राहिलं तरी चालेल.

माझी पहिली गाडीही काळीच होती. वडिलांना तिचं फार अप्रूप. सकाळचा चहा व्हायच्या आत ते जुन्या बनियनचं फडकं घेऊन बॉनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवायचे, आणि गाडी दिसायचीही चकाचक. आठ-दहा महिन्यांनी एका रात्री फोंड्यात पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या दिव्याचा उजेड बॉनेटवर पडला आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे हजारो बारीक गोल चरे चमकले. दिवसा एकही दिसला नव्हता. ते कशानं पडले हे वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही.

असं का होतं बघा. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ४० च्या आसपास. माणसाचा केस धरा ७० मायक्रॉन. म्हणजे आपण ज्या चमकेवर जीव टाकतो ती केसाच्या अर्ध्या-पाऊण जाडीत मावते. आता आपल्या तांबड्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण. त्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच घासणं. डिचोली-साखळीच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांमागून येणं-जाणं असेल तर आणखीच. ऊन, पाऊस, खारा वारा हे सगळे मिळून गाडीची जेवढी खराबी करत नाहीत, तेवढी आपण तिच्यावर माया करून करतो.

तेव्हा गाडी धुवायची, आणि धुवायची ती आठवड्यातून एकदा. बॉनेटला हात लावून बघा, गार असेल तरच सुरुवात करा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही, नुसतं पाणी, वरून खाली. सुटणारी माती सुटून जाऊ दे. मग दोन बालद्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. साध्या पाण्याच्या बालदीत मी तळाला एक जुनी प्लास्टिकची रोवळी पालथी घालून ठेवतो. मायक्रोफायबरचा हातमोजा एक दरवाजा धुऊन झाला की त्या रोवळीवर घासायचा, पिळायचा, मगच पुन्हा शॅम्पूत बुडवायचा. धुऊन झाल्यावर रोवळी उचलून खाली बघा. तळाशी चमचाभर तांबडी रेती बसलेली असते. एका बालदीनं धुणाऱ्याच्या हातमोज्यातून ती रेती पुन्हा गाडीवर फिरत असते. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी.

शॅम्पू गाडीचाच घ्या, न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना आम्ल ना अल्क. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरली की वर लावलेलं वॅक्स धुऊन जातं. पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आणि बऱ्याच बोअरच्या पाण्यात लोह असतं. असं पाणी काळ्या गाडीवर सुकलं की पांढरी किंवा पिवळट वर्तुळं उरतात. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं टिपून घ्या. घासायचं नाही, टॉवेल पसरून हलकेच ओढायचा. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून टिपले तर निघतात. नंतर भरपूर पाणी टाका. जुने झाले की मात्र पॉलिशशिवाय जात नाहीत, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा थोडा खरवडणंच.

याच कारणानं शोरूममध्ये किंवा वॉशिंग सेंटरवर कुणी नव्या गाडीला 'रबिंग-पॉलिश मारून देतो' म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. फुकट दिलं तरी.

आता टेफ्लॉन. तव्यावरचं टेफ्लॉन पक्कं बसतं कारण ते ३०० अंशांच्या वर भाजलेलं असतं. तुमच्या बॉनेटला कुणी तेवढं तापवणार नाही. त्या नावाखाली गाडीवर जे लावतात ते बहुतेक वेळा नेहमीचं पॉलिश किंवा सीलंट, म्हणजे रंगावर बसणारा पातळ संरक्षक थरच असतो, नाव तेवढं भारी. मी पैसे देणार नाही. शेजाऱ्याच्या तीन महिन्यांच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. कारखान्यातला रंग भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो, तो गाडी तुमच्या हातात येण्याआधीच पक्का झालेला असतो, त्याला पहिल्या दिवशी वॅक्स लावलं तरी चालतं. थांबायचं असतं ते ठोकर लागून गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागासाठी. तिथला रंग कमी तापमानावर सुकवतात, त्याला एक-दोन महिने श्वास घेऊ द्यावा.

मग लावायचं काय? माझं मत: साधं पॉलिमर सीलंट, स्वतःच्या हातानं, वर्षातून दोनदा, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास. कार्नोबा वॅक्सची झळाळी काळ्या रंगावर सुरेख दिसते, पण आपल्या उन्हा-पावसात ते फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, पाणी झरझर ओघळतं, धुणं सोपं होतं. पण 'नाइन एच' कठीणता ऐकून भुलू नका. ती पेन्सिलीनं मोजायची कठीणता आहे, हिऱ्याशी तिचा संबंध नाही. सिरॅमिक केलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसलीत तर तिलाही चरे पडतील. दगड उडून टवके पडू नयेत म्हणून खरंच उपयोगी पडते ती पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. पण ती महाग. रोज हायवेनं मडगाव-पणजी करत असाल तर पुढच्या बंपरला आणि बॉनेटला लावा, नाहीतर सोडून द्या.

आंब्याचं ऐका. मोहोराच्या दिवसांत गाडीवर जे चिकट तुषार पडतात, त्याला सगळे आंब्याचा चीक म्हणतात. बहुतेक वेळा तो चीक नसतोच. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि गोड चिकटा खाली टाकतात, मग त्याच्यावर धूळ बसते आणि काळी बुरशी धरते. ताजा असताना शॅम्पूच्या पाण्यानं निघतो. खरी भीती पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेची, त्यातून जांभळं पिकायच्या दिवसांत. एप्रिलच्या उन्हात काळा बॉनेट इतका तापतो की हात ठेववत नाही. क्लिअर कोट मऊ होतो, आणि संध्याकाळी गार होताना त्या सुकलेल्या विष्ठेच्या आकाराला धरून आवळतो. तो ठसा मग धुऊन जात नाही. म्हणून दिसली की त्याच दिवशी काढा. टिश्यू पेपर पाण्यात भिजवून त्यावर दहा मिनिटं ठेवा, मग उचला. नखानं खरवडू नका. गाडीत पाण्याची एक बाटली आणि टिश्यू यासाठीच ठेवा. जमलं तर गाडी झाडाखालून हलवाच. कव्हर हा उपाय नाही. ओल्या किंवा धुळकट गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्यानं तेच चरे पाडतं.

एक आगाऊपणा करतो. चवथीला किंवा दसऱ्याला पूजा करताना बॉनेटवर बोटानं स्वस्तिक काढू नका. कुंकवाचा रंग राहतो, आणि धुळीवर बोट घासलं की चराही उरतो. हाराची तारही तशीच. आम्ही आता कुंकू समोरच्या काचेवर लावतो, हार आतल्या बाजूला. देवाला काचेवरचं कुंकूही पोचतं.

चाकांचे तपकिरी ठिपके म्हणजे तुमची अलॉय चाकं गंजत नाहीत, घाबरू नका. ब्रेक लावला की डिस्क आणि पॅड झिजतात, लोखंडाचे तापलेले बारीक कण उडून चाकावर चिकटतात, आणि कळंगुटच्या खाऱ्या दमट हवेत चार दिवसांत गंजतात. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेकचा बराचसा भार पुढे असतो आणि लहान गाड्यांत मागे बहुतेक बंदिस्त ड्रम ब्रेकच. साबणानं ते निघत नाहीत. 'आयर्न रिमूव्हर' नावाचा फवारा मिळतो. चाक गार असताना सावलीत मारा, तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतील, कुजक्या अंड्यांसारखा वास येईल. तोंडावर रुमाल आणि हातात मोजे असू द्या. मऊ ब्रशनं फिरवा, सुकायच्या आत धुऊन टाका. चाकांची बालदी आणि ब्रश वेगळाच ठेवा, तो अंगाला लावायचा नाही. बाथरूम धुवायचं ॲसिड मारणारे लोक मी पाहिलेत; अलॉयवरही क्लिअर कोट असतो, तो त्यात जातो आणि मग आत पांढरी किडकी नक्षी पसरते. साफ झाल्यावर चाकांनाही तेच सीलंट लावा, पुढच्या वेळी निम्मे कष्ट वाचतात. धुतल्यावर डिस्क नारिंगी दिसली तर दोन-चारदा ब्रेक दाबा, पुसली जाईल. टायरला चमक लावायची हौस असेल तर पाण्याच्या बेसची लावा, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाला अजिबात नको.

चोडण किंवा दिवाडी बेटावर फेरीबोटीनं जाणं असेल तर धक्क्यावर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. घरी आलात की चाकांच्या कमानींत आणि खालून पाच मिनिटं साधं पाणी मारा. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं साचतात, ती पावसाआधी हातानं काढा, नाहीतर तिथलं पाणी वाहून जायची वाट बुजते.

चाकांचं काम या रविवारी काढा. बॉनेटवर आत्ता कुठे विष्ठा पडली असेल तर मात्र रविवारची वाट बघू नका, टिश्यू भिजवा आणि बाहेर जा.