लष्करातून निवृत्त झालेल्या आणि डोंगरात आयुष्य घालवलेल्या कोणत्या माणसाबद्दल प्रत्येक ट्रेकरला माहीत असायला हवं?

माझ्याकडून एकच नाव, कर्नल नरेंद्र कुमार उर्फ ‘बुल’ कुमार, कुमाऊँ रेजिमेंट. ३१ डिसेंबर २०२० ला दिल्लीत गेले, वय ८७. एक तर थर्टी फर्स्ट, त्यात कोविडचं वर्ष, बातमी आली तशी विरली. आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला तर खाली ‘हे कोण?’ विचारणारेच जास्त, जाम वैताग आला होता.

बुल हे नाव डेहराडूनचं, एनडीए (लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी) तेव्हा खडकवासल्याला यायची होती. बॉक्सिंगला समोर होते सिनियर कॅडेट एस. एफ. रॉड्रिग्ज, म्हणजे पुढचे लष्करप्रमुख. कुमार मॅच हरले, पण मार खात खात पुन्हा पुन्हा अंगावर धावून जात राहिले, म्हणून बुल.

१९६० च्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेत ते शिखराच्या अगदी जवळून खराब हवेमुळे माघारी फिरले. पुढच्याच वर्षी नीलकंठ शिखरावर फ्रॉस्टबाईट म्हणजे हिमदंश झाला आणि पायाची चार बोटं गेली. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी काटे) लावून कधी उभ्या बर्फात चढला असाल तर हे किती वाईट आहे ते लगेच कळेल, सगळा भार बुटाच्या पुढच्या टोकावर, आणि बुटात बोटंच नाहीत! शिवाय एकदा हिमदंश झालेला भाग पुढे थंडीला लवकर दगा देतो. दुसऱ्या कोणी इथेच थांबून बाकीची नोकरी डोंगराखाली गुपचूप केली असती तर कोणी नावं ठेवली नसती. आणि यांची यादी बघा, १९६४ ला नंदादेवीच्या मोहिमेचे लीडर, १९६५ ला कोहलींच्या ज्या मोहिमेत नऊ जण एव्हरेस्टवर पोचले तिचे डेप्युटी लीडर, १९७७ ला कांचनजंगाचे लीडर, आणि तेही ईशान्येच्या धारेने, जिथून १९२९ आणि १९३१ मध्ये जर्मन मोहिमा हात टेकून परतल्या होत्या.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट सियाचिनची आहे. झालं असं की, १९७७ च्या सुमारास सिंधू नदीत राफ्टिंग करायचं म्हणून एक जर्मन माणूस त्यांच्याकडे आला, कुमार तेव्हा गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रमुख. त्याच्याकडे अमेरिकेत छापलेला नकाशा होता. आता भारत-पाक करारात ताबारेषा आखलीये फक्त एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत, त्यापुढे नुसतं ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे’ एवढंच लिहिलंय. या नकाशात मात्र तिथून थेट काराकोरम खिंडीपर्यंत रेघ मारून अख्खं सियाचिन पाकिस्तानात दाखवलेलं! कुमारांनी नकाशा विकत घेतला आणि दिल्लीला मिलिटरी ऑपरेशन्सचे डायरेक्टर जनरल छिब्बर यांच्यापुढे ठेवला. आणि वर सुचवलं की मी मोहीम घेऊन प्रत्यक्ष बघून येतो.

१९७८ ला गेले, तिथल्या तेराम कांगरी दोन या शिखरावर चढाईही केली. १९८१ ला परत, या वेळी ग्लेशियरच्या पार टोकाला इंदिरा कोल या खिंडीपर्यंत. ७६ किलोमीटर लांब बर्फ, पायाखाली झाकलेल्या भेगा, एकमेकांना दोर बांधून चालायचं. आणि वाटेत काय सापडलं तर कचरा, पाकिस्तानकडून परमिट काढून आलेल्या परदेशी मोहिमांचे डबे, लेबलं वगैरे. आपण गडावर प्लॅस्टिक बघून शिव्या घालतो, या माणसाने तोच कचरा पाकिस्तान इथे हक्क सांगतोय याचा पुरावा म्हणून वाचला. म्हणून मला त्यांच्यातला फौजी आणि भटक्या वेगळे काढता येत नाहीत. राफ्टिंगची आवड नसती तर तो नकाशा त्यांच्यासमोर आलाच नसता, आणि फौजी नसते तर ती रेघ डोळ्यात खुपली नसती.

मेडल्स गूगलवर मिळतील, पद्मश्री, अर्जुन, कीर्तिचक्र. मला भारी वाटतं ते परम विशिष्ट सेवा मेडल, सहसा लेफ्टनंट जनरल लेव्हलच्या माणसांना मिळतं, यांना कर्नल असताना मिळालं. मॅकग्रेगर मेडलही आहे, ते खास लष्करी टेहळणीसाठी देतात, म्हणजे अगदी याच कामासाठी.

एक मात्र क्लिअर करतो, कारण फॉरवर्ड्समध्ये हमखास घोळ असतो. १३ एप्रिल १९८४ चं ऑपरेशन मेघदूत, म्हणजे भारतीय सैन्याने सियाचिन ताब्यात घेतलं ती कारवाई, कुमारांनी केली नाही, ती दुसऱ्या अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी केली. त्यांना जायची वाट, नकाशे, फोटो हे सगळं तयार मिळालं ते मात्र कुमारांच्या मोहिमांतून, आणि ग्लेशियरवर सुमारे १६ हजार फुटांवर जे कुमार बेस नावाचं ठाणं आहे ते त्यांच्याच नावाचं.