स्टेजवर नऊ खुर्च्या, त्यात बाया दोन

मार्चचा अंक म्हणल्यावर महिला दिनाचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली चार घेतलीत. बाकीच्यांनी रुसू नका, पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई, आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. मागच्या ८ मार्चला सगळ्या बचत गटांनी मिळून कार्यक्रम ठेवला, टाइम दिला ११ चा आणि पाहुणे आले दीडला. स्टेजवर नऊ खुर्च्या, त्यात बाया दोन, त्यातली एक मी, ते पण सूत्रसंचालन करायचं म्हणून. सत्कार, हार, नारळ, भाषणं झाली आणि बायांची गाणी-नकला शेवटी ठेवलेल्या त्या राहूनच गेल्या, कारण धारा काढायची वेळ झाली म्हणून बाया उठून गेल्या. यंदा व्याख्यान पण पाहिजे आणि कला पण पाहिजे, पैसा जेमतेम. कसं बसवावं? — बचत गटाची सचिव

उत्तर : सचिवबाई, आधी त्या खुर्च्या काढा. सतरंजी टाका, पाहुण्यांना पण खालीच बसवा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापुरत्या दोन खुर्च्या बाजूला ठेवा. हार-नारळाचे पैसे वाचतील ते माइकवाल्याला द्या, कारण आपल्याकडं माइक कायम लग्नातला असतोय आणि तो ऐन वेळी कुईं करतो.

आणि गंगाखेडच्या बाईनं मला विचारावं होय, सुरुवात कशानं करू म्हणून? जनाबाईचं गाव तुमचं! दळण, कांडण, शेण्या वेचणं सगळं तिच्या अभंगात आहे, विठोबाला सुद्धा तिनं कामाला जुंपलंय. मधोमध जातं मांडा. "आजी, ओवी म्हणा" असं म्हणलं की म्हातारी पदर तोंडाला लावून "मला कुठं येतंय माय" म्हणणार हे ठरलेलं, मी एकदा असंच केलं आणि अर्धा तास नुसती हसाहशी झाली. मग कुणीतरी शहाणीनं दोघींना जात्यावर समोरासमोर बसवलं, वैरण म्हणून मूठभर ज्वारी घातली, दोघींनी खुंटा धरला, चार फेरे मुकाट्यानं गेले आणि पाचव्याला एकीच्या तोंडून "पहिली माझी ओवी" निघालं, दुसरीनं लगेच उचललं, मग भाऊ काय, माहेर काय, सासू काय, थांबायलाच तयार नाहीत. हात फिरायला लागल्याशिवाय ओवी आठवत नाही बघा. जात्याखाली पोतं दुहेरी करून घाला, नाहीतर माइकमधून नुसती घरघर ऐकू येती. आणि एका पोरीला मोबाईल देऊन रेकॉर्डिंगला बसवा, ओवी कुणाची, तिचं माहेर कुठलं हे वहीत लिहून घ्या. गिरणी आली आणि दळण सुटलं, सुनांना हे येत नाही.

प्रदर्शनाला वेगळा खर्च नको, प्रत्येकीला घरची गोधडी आणायला सांगा. दोरीवर वाळत घालतो तशा लावायच्या, शिवणारीनं बाजूला उभं राहून सांगायचं, आत कुणाचं लुगडं आहे, ठिगळ कुठल्या फ्रॉकचं आहे. व्याख्यान एकच ठेवा, वीस मिनिटांचं, आणि ते ओव्यांच्या नंतर. पाहुणा उशिरा आला तर त्याच्यासाठी काही थांबवायचं नाही, जिथवर आलं असेल तिथं येऊन बसेल.

प्रश्न : दरवर्षी सावित्रीबाईंवरच भाषण होतं. आपल्या मराठवाड्यातल्या कुणाबद्दल बोलावं? — एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : सावित्रीबाईंना सोडू नका हो, १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या, म्हणजे महिला दिनानंतर दोनच दिवसांनी त्यांची पुण्यतिथी येती. पण तुमच्याच जिल्ह्यातल्या, बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके तुमच्या पोरींना माहीत आहेत का? निजामाच्या राज्यात रझाकारांविरुद्ध हत्यार घेऊन लढलेली बाई. १७ सप्टेंबर १९४८, आपला मराठवाडा मुक्तीचा दिवस म्हणलं की शाळेत झेंडा आणि पुरुषांची नावं, एवढंच होतं. बाहेरचा वक्ता आणण्यापेक्षा पोरींना गावातल्या म्हाताऱ्यांकडं पाठवा, रझाकाराच्या वेळेला आपल्या घरातल्या बाया कुठं लपल्या, भाकरी कुणाला पोचवल्या, हे सासूकडून ऐकलेलं असतंय. तेच पोरींनी उभं राहून सांगावं.

प्रश्न : पैठणीचा खेळ ठेवला नाही तर बाया येतच नाहीत. ठेवावा का? — नांदेड

उत्तर : ठेवा की, बायांनी कधी हसायचंच नाही का. फक्त बक्षिसाची पैठणी बहुतेक वेळा मशीनची असती, तेवढं खरं सांगा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघितला तर नक्षी मागून पण जवळपास तशीच दिसती, मशीनच्या साडीला मागं धागे लोंबतात. पैठणहून एखादी विणकर ताई येत असेल तर तिला बोलवा, मानधन मात्र आधी ठरवा, "आपलाच कार्यक्रम आहे" म्हणून फुकट राबवू नका.

प्रश्न : आमच्या तांड्यावरच्या निम्म्या बाया ८ मार्चला ऊसतोडीला गेलेल्या असतात. मग आम्ही कुणाचा महिला दिन करायलोत? — धारूर, जि. बीड

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई वेगळी मोजलीच जात नाही, आणि वर तिच्या नावाच्या दिवशी ती फडात. तारीख बदला, त्यात काही अडचण नाही. १९७७ साली संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला त्यातच आहे की देशांनी आपापल्या परंपरेप्रमाणे वर्षातला कुठलाही दिवस धरावा. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळ्या घरी आल्या की मग धरा, पण आल्या-आल्या नको, आठ दिवस अंग टेकू द्या. संध्याकाळी ठेवा, दिवसा ऊन सोसत नाही. बंजारा बायांना त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत म्हणू द्या, अर्थ नंतर विचारा. आणि मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, लग्नसराईत तो फोनच उचलत नाही.