रजिस्टरातला आकडा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. "माझी मूल्यं नेमकी कोणती, हेच मला कळत नाही," हे तुझं वाक्य डोक्यात घोळत होतं.

मुलाखतीत विचारलं की आपण सगळेच 'प्रामाणिकपणा' म्हणतो. मीही म्हटलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका स्लॅबचं काम रात्री साडेअकरापर्यंत चाललं. ४० घनमीटर काँक्रीट, म्हणजे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब (त्याच मालाचे, मजबुती तपासायचे ठोकळे), एकूण १२. आम्ही ६च भरले होते. वरिष्ठ म्हणाले, "रजिस्टर पुरं करून टाक, बाकीचे उद्या भरू." मी १२ लिहिले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात वेगळा माल कालवला, सिमेंट जरा सढळ हातानं घातलं आणि उरलेले साचे भरले. २८ दिवसांनी सगळे क्यूब पास! इमारत आजही उभी आहे, कुणाला काही झालेलं नाही.

तरी मला ते सलतं. कारण पुढच्या खेपेला खोटा आकडा लिहिताना माझा हात अडखळलाच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या साइटवर, स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सळई बांधणारा मिस्त्री बॅटरी घेऊन जाळीवर ओणवा झालेला दिसला. सरकलेले कव्हर ब्लॉक तो एकेक करून पुन्हा सळईखाली सारत होता. सळई फळीपासून वर उचलून धरणारे २० मिलिमीटरचे ते तुकडे. ते निसटले तर सळई फळीला टेकते आणि पुढे काही पावसाळ्यांत गंजून छताचे पोपडे पडतात. मी म्हटलं, "अहो, तपासणी झाली, माझी सहीपण झाली." तो मान वर न करता म्हणाला, "सही तुमची झाली साहेब, माझं काम राहिलंय."

म्हणून सांगतो, मूल्यांची यादी करत बसू नकोस. गेल्या पंधरा दिवसांची साइट डायरी काढ. कुठे लिहिताना पेन थांबलं, कुठे थांबायला हवं होतं आणि थांबलं नाही, ते बघ. घरी किती वेळा "मीटिंगमध्ये आहे" म्हटलंस, तेही बघ. तुझी मूल्यं तिथेच सापडतील, आवडोत न आवडोत.

आणि प्रत्येक वेळी साहेबांशी भांडलंच पाहिजे असं नाही. घराचे हप्ते असतात, मला ठाऊक आहे. पण आकडा खरा लिहिता येतो. त्या रात्री मी '६ क्यूब' लिहिलं असतं तर बोलणी खावी लागली असती, फार तर स्लॅबमधून कोअर, म्हणजे भोक पाडून काँक्रीटचे गोल तुकडे, काढून तपासावे लागले असते. एवढंच.

शनिवारी तुझा स्लॅब आहे ना? साचे शुक्रवारीच मोजून ठेव, आतून तेल लाव. क्यूब भरताना स्वतः तिथे उभं राहा. रात्री कितीही वाजू देत, मला फोन कर आणि किती भरले ते सांग.

तुझा,
काका