सगळ्यांना एकच नियम, म्हणजे न्याय झाला का?

घणसोलीहून : सोसायटीत वन-बीएचके आणि थ्री-बीएचके, दोन्हींना मेंटेनन्स सारखाच. सेक्रेटरी म्हणतात, ‘नियम सगळ्यांना एकच.’ हा न्याय आहे का?

बिलातला एकेक रकाना बघा. समानांना समान वागवावं, हे अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला. पण कोणत्या बाबतीत समान, ते ठरवावं लागतं. वॉचमन आणि जिन्यातला दिवा चौरस फूट पाहत नाहीत, म्हणून उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं आहे. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर असते, दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या प्रमाणात. सगळंच एका आकड्यात कोंबलं असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

उलव्याहून : आजोबांची शेती नवी मुंबई प्रकल्पात गेली. ऑफिसात ऐकावं लागतं, ‘मोबदला घेतलात, वर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले, आता काय?’

मालमत्तेच्या हक्काचा खंदा पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक. त्यानेच १९७४ मध्ये मांडलं की मालमत्ता राजीखुशीने हातबदल झाली तरच तो व्यवहार न्याय्य. तसं नसेल, तर झालेला अन्याय दुरुस्त करावा लागतो. आता आजोबांचं बघा. ९५ गावांची जमीन संपादन करायचं सरकारने ठरवलं, तेव्हा ‘मला विकायची नाही’ या वाक्याला कायद्यात वजन नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-नवघरच्या गोळीबारात पाच जण गेले. विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्क्यांची योजना आली ती त्यानंतर. तिला मेहेरबानी म्हणणं मला सहन होत नाही. ती उशिरा झालेली दुरुस्ती आहे आणि माझ्या मते अपुरी. कारण टक्का काढला जमिनीचा. ज्याचं पोट खाडीवर होतं आणि सातबाऱ्यावर नावच नव्हतं, त्या मच्छीमाराच्या नुकसानीचा टक्का कशावर काढायचा? सहकाऱ्यांना हे जरूर विचारा.

ठाण्याहून, एक विद्यार्थिनी : तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा ‘अज्ञानाचा पडदा’ अभ्यासाला आहे. आपण कोण हे विसरून नियम ठरवणं कुणाला जमतं?

पूर्णपणे कुणालाच नाही, आणि १९७१ मध्ये रॉल्सने तो विचारप्रयोग म्हणूनच मांडला. महापालिकेचं बजेट घे. उद्या तू घोडबंदर रोडवर गाडीत असशील की कडेवर मूल घेऊन स्टेशनबाहेर चालत असशील, हे माहीत नाही असं समज आणि उड्डाणपूल की फूटपाथ ते ठरव. अमर्त्य सेन यांचा आक्षेपही वाच : आदर्श समाजाचा नकाशा हाती नसला तरी समोरचा धडधडीत अन्याय ओळखता येतो. मला सेन अधिक पटतात, पण परीक्षेत दोघांनाही पुरेशी जागा दे.