शिंगाळ्याचा काटा दोघांना लागला, मग कळवळला एकच का?

हर्णै बंदरावर दोन खलाशांना शिंगाळा या समुद्री माशाचा काटा लागला. एक हात झटकून पुन्हा जाळ्याला भिडला, दुसरा रडकुंडीला आला. दुसऱ्याचं नाटक का, असं तुमचं विचारणं.

आधी दोघांना काटा सारखाच लागला होता का, ते बघा. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन करवती काटे, त्यांवर विषारी कातडीचं आवरण. एकाला ओरखडा आणि दुसऱ्याच्या सांध्यापर्यंत आत, तर तुलनाच चुकली. त्यात रात्रभर जागरण झालेल्याला दुखतंही जास्त.

म्हणून प्रयोगात सगळ्यांना मोजून तेवढाच चटका देतात. 2003 साली अमेरिकेत रॉबर्ट कॉगहिल यांच्या गटाने 17 निरोगी माणसांच्या पायाला गुडघ्याखाली 49 अंश सेल्सिअसचा चटका दिला. दहापैकी किती दुखलं? कुणी जेमतेम 1 म्हणालं, कुणी जवळपास 9. मोठा आकडा सांगणाऱ्यांच्या मेंदूत स्पर्श नोंदवणारा पट्टा आणि पुढचे काही भाग जास्त जागे झालेले दिसले. थॅलॅमसमध्ये, म्हणजे संदेश वर जाण्याआधीच्या नाक्यावर, तसा फरक नव्हता. बातमी सारखीच पोचली, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण म्हणून स्कॅन काढून खरं-खोटं करायला जाल तर फसाल. कॉगहिल यांच्याच गटाने 2022 मध्ये 101 जणांवर ताडून पाहिलं, तेव्हा सांगितलेला आकडा आणि मेंदूतली हालचाल यांचा मेळ बसला नाही. सध्या तरी माणूस सांगतो तो आकडाच धरायचा, आणि तोही त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडायचा, शेजाऱ्याच्या नाही.

आता उपाय. शिंगाळ्याचं विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात हात 30 ते 90 मिनिटं बुडवा, निवलं की पाणी बदला. पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा. ठणकणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. बुडवण्याआधी 8 आणि अर्ध्या तासाने 4 सांगितलं, तर उतार पडतोय.

गप्प राहिलेल्यालाही दवाखान्यात न्या. काट्याचं टोक आत मोडलेलं असू शकतं, धनुर्वाताचं इंजेक्शन त्यालाही लागतं, आणि जुना मधुमेह असेल तर दुखलं नाही याचं कारण बधिर झालेली बोटं हेही असेल.