बेळगावहून एका दिवसात समुद्रपक्षी बघायला कुठे जावं?

वेंगुर्ला रॉक्स. आपल्याकडचे बरेच जण थेट गोवा गाठतात, पण पक्ष्यांसाठी जायचं असेल तर माझं मत ठाम आहे: शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचं निवती बंदर गाठा. पहाटे चारला निघालात तर सकाळीच बंदरावर असाल.

निवतीसमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा झुबका आहे, एकावर दीपगृह आहे. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये इथे पक्षी बघायला आला होता. उघड्या खडकांवर सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी अंडी घालतात. खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या (स्विफ्टलेट पक्षी) राहतात. गुहेच्या काळोखात त्या टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधतात आणि स्वतःच्या लाळेने भिंतीला घरटी चिकटवतात. अशा घरट्यांचं सूप करतात, त्यासाठी त्यांची चोरी व्हायची, अंडी-पिल्लांसकट! म्हणून कळकळीने सांगतो, बेटावर उतरू नका. होडीतून, लांबून, दुर्बिणीने बघा. माणूस जवळ गेला की सुरय उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

मार्च ते मेचा मध्य हा काळ चांगला. दुपारी वारा वाढतो, म्हणून फेरी सकाळीच उरका. वाटेत डॉल्फिन दिसण्याची शक्यता बरीच असते. होडीवाल्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलून ठेवा, लाइफ जॅकेट आहेत का तेही विचारा. तो ‘आज नको’ म्हणाला तर हट्ट करू नका, किनाऱ्यावर कुरव (गल पक्षी) बघा. पावसाळ्यात मात्र जाऊच नका.