घरी बनवत असलेल्या गाडीच्या चॅसिससाठी, म्हणजे खालच्या सांगाड्यासाठी, कोणता पाइप घ्यावा? आणि बॉडी पत्र्याची करावी की फायबरची?

तुम्ही लिहिलंय की भंगारातली मारुती ओम्नी घेतली, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौजिंग (मागच्या चाकांचा आख) काढून ठेवलंय, त्यावर दोन सीटची उघडी गाडी करायची आहे. आणि गावातला फॅब्रिकेटर म्हणतोय, "चॅनेल घाला, आयुष्यात मोडणार नाही." चॅनेल म्हणजे तीन बाजूंचा, एका बाजूने उघडा लोखंडी बार. हे त्याचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. अगदी हेच वाक्य मी घरात ऐकलंय, थोरल्या दादाच्या तोंडून. त्यापायी माझं दीड वर्ष गेलं.

आमचा धंदा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा, कोल्हापूरजवळ. आबांनी सुरू केला, आता दादा बघतो. मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला असतो, पण वेल्डिंग शिकलो ते घरच्या शेडमध्येच. २०१७ला मी तुमच्यासारखीच ओम्नी घेतली. कारण साधं होतं: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागच्या चाकांना ड्राइव्ह, पाट्यांवरचं सरळ हौजिंग. पुढे इंजिन, मध्ये आपण, मागे हौजिंग, अशी मांडणी करायला मारुती ८०० पेक्षा ही कितीतरी सोयीची. डोक्यात लोटस सेव्हनचं चित्र होतं. १९५७ साली कॉलिन चॅपमनने काढलेली ती गाडी म्हणजे बारीक नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर पत्रा.

मी कागदावर नळ्यांचा पिंजरा काढला. दादाने कागद बघितला आणि म्हणाला, "दहा टन ऊस व्हातंय चॅनेल, तुझी एवढीशी गाडी न्हाय पेलायची व्हय? असल्या काड्यांवर जीव घालणार तू?" शेड त्याची, मशीन त्याची, वयाने मोठा. ऐकलं. ७५ च्या चॅनेलची शिडीसारखी फ्रेम केली: दोन लांब, पाच आडवे. काट्यावर ९४ किलो भरली. उचलायला चौघे लागले, आणि दादा खूश होता.

दिवाळीनंतर शेताकडच्या पाणंदीत पहिल्यांदा चालवली. माझ्या शेजारी दादाच बसला होता. वेग माणूस पळतो एवढासुद्धा नव्हता. पुढचं डावं चाक बांधाच्या दगडावर चढलं, उजवं खाली चाकोरीतच राहिलं, आणि समोर टक् असा आवाज आला. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून, बरोबर स्क्रूच्या शेजारून, एक रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिरकी वर चढत गेली. उतरून बघितलं तर बॉनेट एका बाजूला काउलवर, म्हणजे काचेखालच्या पत्र्यावर, चढलं होतं आणि रंग खरवडून खालचा पत्रा दिसत होता. गाडी सपाटीला घेतली की बॉनेट आपोआप जागेवर. दादा म्हणाला, काचच ठिसूळ होती.

मग मी मोजायचं ठरवलं. ही चाचणी तुम्हीही करा, खर्च काही नाही. मागच्या हौजिंगच्या जागी फ्रेम दोन्ही बाजूंनी घट्ट बांधायची. पुढे मधोमध एका गोल सळईवर टेकवायची, म्हणजे ती फिरायला मोकळी राहते. पुढच्या आडव्या मेंबरला एका बाजूला दांडा बांधायचा, मध्यापासून बरोबर एक मीटर. दांड्याच्या टोकाला सिमेंटची गोणी टांगायची, ती पन्नास किलोचीच असते. टोक किती खाली गेलं ते स्केलने मोजायचं. मागचा आधारही थोडा फिरतो, तेवढं वजा करायचं. आमच्या चॅनेलच्या फ्रेमचं टोक ६२ मिलिमीटर खाली गेलं. साडेतीन अंशांचा पीळ, तोही नुसत्या एका गोणीने. गोणी दादानेच लावली होती. तो काय म्हणाला सांगतो: "मग? काढल्यावर परत जागेवर आलंच की."

इथेच सगळं आहे, आणि तुमच्या फॅब्रिकेटरचीही गफलत इथेच होणार आहे. न मोडणं वेगळं आणि न पिळणं वेगळं. फ्रेम परत जागेवर येते म्हणजे ती स्प्रिंग आहे. गाडीला स्प्रिंग असतात चाकांपाशी, शॉकअपसकट. फ्रेमच स्प्रिंग झाली तर तिला शॉकअप कुठून आणणार? तुम्ही अलाइनमेंट करून घ्याल सपाट जमिनीवर, आणि पहिल्या खड्ड्यात चाकं भलतीकडे बघतील. ट्रॉलीला हे चालतं, उलट हवंच असतं. तिला धड सस्पेन्शन नसतं, वाफ्यातून जाताना फ्रेम थोडी पिळली तरच चारही चाकं जमिनीला टेकतात. ट्रॉलीच्या बाबतीत दादाचा शब्द मी आजही खाली पडू देत नाही. पण ट्रॉलीचा नियम गाडीला लावायचा नाही.

चॅनेल पिळतं कारण ते एका बाजूने उघडं आहे. कॅलेंडर ज्या पुठ्ठ्याच्या नळीत येतं ती घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. आता ब्लेडने लांबीत एकच चीर द्या आणि परत पिळा. पुठ्ठा तोच, वजन तेच, आणि हातात ओला कपडा पिळल्यासारखी वळते. दुसरी गोष्ट तिरक्या नळ्यांची. गोठ्याच्या फळ्यांच्या दाराला मागून तिरकी पट्टी का मारतात हे ज्याला कळलं त्याला स्पेस फ्रेम, म्हणजे नळ्यांचा पिंजरा, कळली. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून एकही चौकोन तिरक्या नळीशिवाय सोडायचा नाही. इंजिन बसवायला वरची बाजू मोकळी ठेवावी लागते, तिथे निदान कोपऱ्यांना गसेट, म्हणजे तिकोनी पत्रे, द्या. मधला बोगदा, ज्यातून प्रोपेलर शाफ्ट जातो, चारही बाजूंनी तिरक्या नळ्यांनी बांधला की सगळ्यात जास्त फरक पडतो.

दुसरी फ्रेम, नळ्यांची, मी एकट्याने केली. भरली ६१ किलो. त्याच गोणीने टोक ९ मिलिमीटर खाली गेलं. बोगदा आणि तळाचा पत्रा रिव्हेट केल्यावर ६. आकडे दादासमोर पाटीवर खडूने लिहिले. तो काही बोलला नाही, पण आजही पाहुण्यांत विषय निघाला की "काड्यांची गाडी" म्हणतो.

आता तुमचा पाइप. २५ बाय २५ चा चौकोनी, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी. मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो, साधारण ४५ मीटर लागेल. चौकोनी अशासाठी की जोड सरळ कापून बसतो, गोल पाइपला प्रत्येक तोंड माशाच्या तोंडासारखं गोलाईत घासत बसावं लागतं. सस्पेन्शन जिथे पकडतं तिथे १४ गेज (त्याहून जाड) घ्या आणि ३ मिमीच्या पट्टीचे ब्रॅकेट लावा. डोक्यामागची रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, मात्र गोल आणि जाडच हवी. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बाजा एसएई स्पर्धेत बाहेरून २५ मिमी, जाडी ३ मिमी आणि पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन असं मागतात. तेवढं तरी पाळा. दुकानात नुसता "एक इंची पाइप" मागू नका, पाण्याचा पाइप देतील. त्याची इंची आतल्या भोकाची असते, बाहेरून तो ३३.७ मिमी भरतो. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप अजिबात नको. जस्ताचा धूर छातीत जाऊन रात्री ताप भरतो आणि वेल्डिंगमध्ये भोकं राहतात. त्यावर दूध पिऊन काही उपयोग होत नाही.

वेल्डिंग सीओटूनेच (गॅस आणि तारेच्या मशीनने) करा, ०.८ मिमीच्या तारेने. १६ गेजला काडीने करायला गेलात तर भोकं पाडाल. आधी सगळी फ्रेम नुसत्या टाक्यांवर उभी करा, एकही जोड पूर्ण करू नका. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पाणसळ छोट्या लांबीला ठीक आहे, पण टेबल मात्र गवंड्याच्या पाण्याच्या नळीनेच एका पातळीत आणा. मग एक इंच इथे, एक इंच समोरच्या कोपऱ्यात, असं हिंडत हिंडत भरा. एका बाजूला सलग भरलंत तर थंड होताना ती बाजू ओढली जाते. फ्रेम पूर्ण गार होईपर्यंत टेबलावरून सोडवायची नाही. आणि रोल बार, सस्पेन्शन असल्या जोडांवरची वेल्डिंग देखणी दिसावी म्हणून ग्राइंडरने सपाट करू नका, ताकदच घासून टाकाल. माझं टेबल कशाचं होतं म्हणाल तर पहिल्या फ्रेमचे ते दोन लांब चॅनेल. आडवे कापून काढले आणि हे दोन पालथे घालून पातळीत आणले. त्या कामाला उत्तम.

बॉडीचं थोडक्यात सांगतो, कारण चॅसिस झाल्याशिवाय बॉडीचा विचारच करू नये. सरळ किंवा एकाच बाजूला वळणारे भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे करा, १.२ मिमी, पॉप रिव्हेट आणि खाली पीयू सीलंट. सीलंट सोडू नका, लोखंड आणि ॲल्युमिनियम उघडे एकमेकांना टेकले की पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते. दोन्हीकडे फुगणारे भाग, म्हणजे नाक आणि मडगार्ड, फायबरचे. पत्रा ठोकून असला गोलवा आणणारा कारागीर जवळ असेल तर त्याच्याकडेच करा, तो फायबरपेक्षा चांगला. आमच्याकडे नव्हता. माझ्या नाकाचा साचा गावातल्या गणपतीच्या मूर्तिकाराने प्लॅस्टरमध्ये काढून दिला. तो हात फिरवून सांगायचा, "इथं गाल बसलाय," आणि खरंच तिथे दोन मिमीचा खड्डा निघायचा. फायबर पावसाळ्यात लावू नका, हवेतल्या ओलीने नीट वाळत नाही, चिकट राहतं.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण सांगतो: ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९मध्ये सांगितलंय. घरी बनवलेल्या गाडीला एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्या पार केल्याशिवाय नोंदणी नाही, आणि तो खर्च आपल्या ऐपतीबाहेरचा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी घरी बनवलेली जीप तुम्ही पाहिली असेल. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पण नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. दादाने तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला, "बघ, त्याने कुठं पाटीवर आकडे लिहिले?" लोहारांच्या हाताला माझा नमस्कारच आहे. पण त्यांची फ्रेम किती पिळते हे दादालाही माहीत नाही आणि मलाही नाही. माझी किती पिळते ते मला माहीत आहे. मी ती आमच्याच रानात चालवतो, हेल्मेट घालून, आणि लहान मुलांना शेजारी बसवत नाही.

पुढच्या चाकांचं काय करणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते ठरल्याशिवाय पुढची चौकट कापू नका. आणि गोणीची चाचणी झाली की किती मिलिमीटर आले ते इथे लिहा.